थंडीत टेलड्रॅगर मॉडेल उतरतानाच का मोडतं? आधी फुकटच्या तपासण्या, मग खर्चाच्या

सोयाबीन निघून वावरं मोकळी झाली की आमच्या यवतमाळ-दारव्हा पट्ट्यात मॉडेल विमानं उडवणारी पोरं बाहेर पडतात. पाऊस नसतो, सकाळी वारा नसतो, धुऱ्यालगतची जमीन लोळण फिरवून सपाट करून घेतलेली असते. डिसेंबर लागला की दुरुस्तीच्या टेबलावर एकाच तऱ्हेची मॉडेलं येऊ लागतात. प्रोपचं (पुढच्या पंख्याचं) एक पातं गेलेलं, लँडिंग गिअरची, म्हणजे चाकं धरणाऱ्या तारेची, पाटी पोटातून उखडलेली, एका पंखाचं टोक घासलेलं. बहुतेक सगळी टेलड्रॅगर, म्हणजे पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक बारकं. आणि जवळजवळ सगळी सकाळी नऊच्या आत, उतरताना मोडलेली.

आणणाऱ्याचं म्हणणं असतं की उन्हाळ्यात हेच विमान मस्त उतरायचं. ते खरंही असतं. त्यापुढचा प्रश्न मात्र थेट खर्चाचा असतो: जायरो (विमान आपोआप स्थिर धरणारं यंत्र) बसवू का, सर्व्हो (रडरसारखे भाग हलवणारी छोटी मोटर) बदलू का, गिअर मोठा घेऊ का? थांबा. विमान जिथे आडवं पडलं तिथे फक्त दोष उघडा पडतो. तो सुरू झालेला असतो त्याआधी, कधी शेवटच्या वळणावर, कधी घरून निघतानाच. म्हणून खालचा क्रम पाळा. पहिल्या चार तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मॉडेलांचं उत्तर तिथेच मिळतं.

लक्षणं

चाकं टेकताच नाक खाली, शेपूट वर, प्रोप मातीत. याला आपण नाकावर पडणं म्हणू.

टेकल्यावर काही अंतर सरळ धावतं आणि वेग कमी होत असतानाच एका बाजूला गर्रकन फिरतं. बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो. ही गिरकी.

टेकून परत हवेत उडी घेतं, दुसरी उडी पहिलीपेक्षा मोठी, आणि तिसऱ्यात गिअर मोडतो.

धावपट्टी डोळ्यांसमोर आली असताना थ्रॉटल (मोटरची ताकद) द्यावा तर मोटर गप्प, आणि विमान धपकन खाली.

पट्टी संपत आली तरी विमान खाली बसत नाही, तरंगतच राहतं. मग घाईने खाली दाबलं जातं आणि वरच्यापैकी एक काहीतरी घडतं.

या पाचांपैकी नेमकं काय झालं हे उडवणाऱ्याला बऱ्याचदा सांगता येत नाही, कारण ते दोन सेकंदांत उरकतं. पण हिवाळ्यात ते जमिनीवर लिहिलेलं असतं.

मॉडेल उचलण्याआधी दवातला माग वाचा

सकाळच्या गवतावर दव असतं आणि चाक गेलं की तिथलं दव पुसलं जातं. ओणवं होऊन उन्हाच्या दिशेने बघा, रूपेरी गवतात गडद रेघा स्पष्ट दिसतात. दोनच रेघा असून त्या खड्ड्यापाशी संपत असतील, तर शेपूट जमिनीला लागलीच नाही. विमान वेगात, पुढच्या चाकांवर टेकलं आणि चाक कशाला तरी अडलं. दोन रेघा तुटून तुटून दिसत असतील, तर उड्या. मधली तिसरी बारीक रेघ सुरू झाली आणि त्यानंतर तिन्ही वळल्या, तर ही गिरकी आहे आणि शेपटीचं चाक जमिनीवर असताना झाली आहे. वळणाच्या आतल्या बाजूची रेघ जास्त घासलेली, मातीपर्यंत खरवडलेली असेल, तर त्या बाजूचं चाक जाम आहे. एवढं पाहायला एक मिनिट लागतं आणि पुढची अर्धी शोधाशोध वाचते. फोनवर फोटो काढून ठेवा. पोरं आधी विमानाकडे धावतात आणि त्यांच्याच बुटांनी माग पुसून जातो. विमान तसंही मोडलेलंच आहे, दोन मिनिटांनी आणखी मोडणार नाही.

धावू नये याचं आणखी एक कारण आहे. हरभरा-तुरीच्या वावराभोवती रानडुकरांसाठी रात्री झटका मशीनच्या तारा चालू असतात आणि कुठे कुठे कुणी थेट लाइनही जोडलेली असते. त्यावर माणसं मेलेली आहेत. मॉडेल पलीकडे पडलं तर वावराच्या मालकाला हाक मारा, "भाऊ, तार बंद आहे का?" आणि "लाइन चालू हाये अजून" असं उत्तर आलं तर मुकाट्याने थांबा.

घड्याळ, धूर आणि बोटं

सकाळी सातला पट्टीवर वारा शून्य असतो म्हणून आपण खूश होतो. गावाकडे नजर टाका. चुलीचा, शेकोटीचा धूर थोडा सरळ वर चढतो आणि एका उंचीवर गेला की आडवा पसरतो. जमिनीलगतची हवा रात्रभर थंड होऊन खाली बसलेली असते, तिच्यावर उबदार थर असतो आणि त्या वरच्या थरात वारा वाहत असू शकतो. विमान वरच्या वाऱ्याला तोंड करून उतरायला लागतं. खालच्या निवांत थरात शिरताच समोरचा वारा अचानक संपतो आणि तेवढा हवेतला वेग एका क्षणात कमी होतो. पंखाला आधार उरत नाही आणि विमान शेवटच्या तीन-चार मीटरवरून खाली बसतं. पाहणाऱ्याला वाटतं, चालवणाऱ्याचा हात चुकला. याला उपाय फक्त वेळ. ऊन चढून धुराचा तो थर मोडला, वारा खालीवर सारखा झाला की उडवा. साधारण नऊनंतर बरं असतं. धुकं असेल त्या दिवशी आणखी उशिरा.

त्या वेळेला ऊनही डोळ्यांत येत नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो आणि तासभर खूप खाली असतो. पूर्वेकडून उतरायला येणारं विमान त्या उजेडात काळा ठिपका होऊन जातं. नाक वर आहे की खाली, कळत नाही.

बोटं गारठलेली असतील तर स्टिक बारीक हलत नाही, हलते ती मोठीच. टेलड्रॅगरला जमिनीवर बारीक रडर (शेपटीवरचं डावी-उजवीकडे वळवणारं उभं पान) लागतो. बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे घाला किंवा उडवण्याआधी हात चोळून गरम करा. साधी गोष्ट आहे, पण उजव्या-डाव्या डुलक्या घेत गिरकीत गेलेली मॉडेलं यानेच आलेली आहेत.

बॅटरी: सगळ्यात जास्त मॉडेलं इथे मोडतात

लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) थंड झाली की तिचा आतला रोध वाढतो. साठवलेली वीज तेवढीच असते, पण जोरात मागितली की व्होल्टेज जास्त कोसळतं. हिशेब करून पाहू. समजा तीन सेलची बॅटरी उड्डाणाच्या शेवटी विसाव्यात, म्हणजे मोटर बंद असताना, ११.४ व्होल्ट दाखवते, म्हणजे सेलमागे ३.८. गरम असताना पूर्ण बॅटरीचा रोध ३० मिलिओहम धरा. थ्रॉटल दिल्यावर ४० अँपिअर ओढले, तर १.२ व्होल्ट पडतात, राहतात १०.२. काही अडचण नाही. तीच बॅटरी गारठून रोध ६० झाला, तर पडतात २.४, राहतात ९.०, म्हणजे सेलमागे ३.०. अनेक ईएससी (बॅटरीतून मोटरला वीज देणारे कंट्रोलर) नेमक्या याच ठिकाणी किंवा याच्याही थोडं आधी मोटर तोडतात.

हे उतरतानाच का घडतं, तेही यातच आहे. शेवटच्या वळणापर्यंत थ्रॉटल कमी असतो, करंट कमी, व्होल्टेज छान. विमान जरा कमी पडतंय असं दिसतं, तुम्ही वाचवायला थ्रॉटल पुढे ढकलता आणि त्याच क्षणी मोटर बंद होते. विमान वर राखायला नाक आधीच वर घेतलेलं असतं. त्यामुळे वेग संपतो, एक पंख पडतो आणि एका चाकावर आदळतं.

तपासणी घरच्या घरी होते. प्रोप काढा असं मी एरवी सांगतो, पण इथे भार लागतो, म्हणून प्रोप ठेवूनच करा. दुसऱ्या माणसाने विमान मागून घट्ट धरावं, प्रोपच्या समोर आणि बाजूच्या रेषेत कुणी नको. बॅटरीला सेल अलार्म (प्रत्येक सेलचं व्होल्टेज दाखवणारं छोटं यंत्र) लावा, दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या आणि सेलमागे सगळ्यात कमी आकडा कोणता दिसतो तो लिहा. एकदा रात्रभर ओसरीत राहिलेल्या बॅटरीवर, एकदा स्वेटरच्या आत अर्धा तास ठेवलेल्या बॅटरीवर. दोन्ही बॅटऱ्या सारख्याच भरलेल्या हव्यात. दोन आकड्यांतला फरक पाहिल्यावर कुणाला आणखी समजावून सांगावं लागत नाही.

उपाय: बॅटरी अंगावरच्या कपड्यांत बाळगा आणि उडवायच्या वेळीच जोडा. शेकोटीजवळ, मोटारसायकलच्या सायलेन्सरवर किंवा बॉनेटवर ठेवू नका. लायपोला ऊब चालते, चटका चालत नाही. ट्रान्समीटरवरचा टायमर उन्हाळ्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी करा. ईएससीमध्ये एकदम बंद होण्याऐवजी हळूहळू ताकद कमी करण्याची सेटिंग असेल तर ती निवडा. उतरल्यावर विसाव्यात सेलमागे ३.७ ते ३.८ राहिले पाहिजेत. त्याहून कमी येत असेल तर टायमर आणखी खाली आणा.

रिसीव्हर आणि सर्व्होलाही याच बॅटरीतून वीज जाते हे लक्षात ठेवा. व्होल्टेज फारच कोसळलं तर रिसीव्हर क्षणभर बंद पडून परत सुरू होतो, आणि तेवढ्यात विमान तुमच्या हातात नसतं.

चाकं, माती आणि कापसाचा धागा

विमान उलटं धरून दोन्ही चाकांना बोटाने सारखाच झटका द्या. दोन्ही जवळपास सारखा वेळ फिरली पाहिजेत. एक लवकर थांबत असेल तर ते चाक जमिनीवर ब्रेकचं काम करतं आणि विमान त्याच बाजूला ओढलं जातं. आपल्या काळ्या मातीचा हा खास त्रास आहे. दवाने वरचा पातळ थर भिजतो, चाकाला चिकटतो, गिअरची तार आणि चाक यांच्या फटीत भरतो आणि दहापर्यंत वाळून कडक होतो. चाकाचं वॉशर काढल्याशिवाय तो दिसत नाही.

दिग्रसच्या एका कॉलेजच्या पोराचं मॉडेल दर वेळी डावीकडेच फिरायचं. त्याने रडर सर्व्हो बदलला होता, ट्रिम (रडरची मधली जागा) बदलला होता. डावं चाक उतरवल्यावर एक्सलभोवती (चाकाच्या आसाभोवती) राखाडी, दाबून बसलेलं कडं निघालं. वेचणी झालेल्या पऱ्हाटीतून विमान उचलून आणताना चाकाला लागलेला कापूस तारेभोवती गुंडाळला गेला होता, त्यात माती आणि आधी घातलेलं ग्रीस. ब्लेडने कापून काढावं लागलं. चाक परत घातलं, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला आणि विमान सरळ धावलं. ग्रीस घालू नका. ते थंडीत घट्ट होतं आणि धूळ धरून ठेवतं. पातळ तेलाचा थेंब पुरे, वरचं पुसून टाका.

मग शाळेच्या व्हरांड्यासारख्या गुळगुळीत फरशीवर विमान हलकेच पुढे लोटा. शेपटीचं चाक सरळ ठेवून तीनदा लोटल्यावर तिन्ही वेळा एकाच बाजूला जात असेल, तर दोष चाकांच्या दिशेत आहे. पुढची दोन्ही चाकं एकमेकांना समांतर किंवा अगदी किंचित आत वळलेली हवीत. बाहेर फाकलेली नकोत. जरा जोरात टेकलेलं असलं की गिअरची तार फाकते आणि डोळ्यांना ते चटकन जाणवत नाही. चाकांच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजा.

पट्टीचंही बघा. हिवाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात आणि सोयाबीनची खुंटं टणक होतात. मॉडेलचं चाक लहान असेल तर बोटभर भेगही त्याला अडवते. चाक अडलं की सगळा जोर एक्सलभोवती नाकाकडे वळतो. एक माप मोठं, हलकं चाक बसवणं हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. हरभऱ्याच्या वावरात विमान गेलंच तर पानांवरची आंब लागते. ती आम्लधर्मी असते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून मग कोरडं करा, विशेषतः तारा आणि मोटर. पंखावर दव बसलं असेल तर तेही उडवण्याआधी पुसा. पाण्याच्या थेंबांनी खडबडीत झालेला पंख लवकर आधार सोडतो.

शेपटीचं चाक

टेलड्रॅगरचा वजनबिंदू, म्हणजे जिथे विमान बोटावर तोललं जातं ती जागा, पुढच्या चाकांच्या मागे असतो. ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेताना ती जरा तिरकी झाली की आपोआप आणखी तिरकी होत जाते, तसंच इथे होतं. विमान किंचित वळलं की मागचं वजन त्याला आणखी वळवतं. हवेतला वेग आहे तोवर रडर त्याला धरून ठेवतो. वेग कमी झाला की रडरवरचा वारा जातो, आणि मग सगळी भिस्त त्या बारक्या चाकावर. म्हणून गिरकी नेमकी धाव संपत आली असताना येते.

तीन गोष्टी बघा. रडर मध्ये असताना चाक सरळ आहे का? धरून हलवल्यावर ढिलं लागतं का? आणि रडर पूर्ण दिल्यावर चाक किती वळतं? मॉडेल विकत घेतलेलं असेल तर हे चाक बहुधा गरजेपेक्षा जास्त वळतं आणि छोट्या इशाऱ्यालाही विमान झपकन फिरतं. स्टिअरिंगची तार चाकाकडच्या हॉर्नच्या (तार अडकवायच्या भोकांच्या पट्टीच्या) बाहेरच्या भोकात हलवून वळण कमी करा. ते जमत नसेल तर ट्रान्समीटरमध्ये रडरला एक्स्पो (स्टिक मध्याजवळ असताना हालचाल सौम्य करणारी सेटिंग) द्या. टेकल्यानंतर वेग पुरेसा कमी झाला की एलिव्हेटर (शेपटीवरचं नाक वर-खाली करणारं आडवं पान) पूर्ण वर धरून ठेवा, म्हणजे चाक जमिनीला दाबलेलं राहतं. वेग असतानाच असं केलं तर विमान परत उडेल, म्हणून आधी ते धावू द्या.

बिजागऱ्याही हलवून बघा. टेपच्या आणि फोमच्या बिजागऱ्या थंडीत ताठरतात. बारक्या सर्व्होला रडर पूर्ण मध्यावर परत आणता येत नाही.

वजनबिंदू आणि गिअरची जागा

इथून पुढे मोजमाप आहे, मोडतोडही होऊ शकते. उन्हाळ्यात नीट उतरणाऱ्या मॉडेलमध्ये ही चूक मुळातली नसते, पण मध्ये काहीतरी बदललेलं असतं. एक तर थंडीत कमी पडते म्हणून मोठी, जड बॅटरी नाकात घातलेली असते. नाहीतर मागच्या आदळण्यात गिअरची तार मागे वाकलेली असते. दोन्हींचा परिणाम एकच. वजनबिंदू चाकांच्या फार जवळ येतो आणि नाकावर पडणं सुरू होतं.

विमान उड्डाणाच्या स्थितीत, शेपूट वर, आडवं सपाट धरा. वजनबिंदूतून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. चाकाचा एक्सल या दोऱ्याच्या पुढे हवा आणि वजनबिंदूपासून एक्सलपर्यंतची रेघ ओळंब्याशी साधारण १५ अंशांचा कोन करायला हवी. म्हणजे वजनबिंदू एक्सलपासून २० सेंटिमीटर उंच असेल तर एक्सल सुमारे ५ सेंटिमीटर पुढे. फार कमी असेल तर नाकावर पडेल, फार जास्त असेल तर उड्या आणि गिरक्या वाढतील. तार वाकवायची असेल तर विमानातून काढून व्हाइसमध्ये, थंडच वाकवा. गॅसवर तापवली की स्प्रिंगचा कस जातो. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवलेली तार बदला, ती पुढच्या टेकण्यात तुटेल.

आणि मग उतरण्याची पद्धत

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण वरचं ठीक नसताना सराव करून फक्त प्रोप खर्ची पडतात.

८ अंशांवरची हवा ४० अंशांवरच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के दाट असते. आपल्याकडे हा फरक पुस्तकी नाही. मे महिन्यातल्या संध्याकाळी ४० सहज असतात आणि २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ पर्यंत उतरला होता. दाट हवेत तेच विमान ५-६ टक्के कमी वेगातही तरंगतं. तुमच्या डोळ्यांना मात्र उन्हाळ्याचा वेग ओळखीचा झालेला असतो. त्या वेगाने आणलं की विमानाकडे जास्तीचा वेग उरतो आणि ते पट्टीभर तरंगतं. पेट्रोल किंवा ग्लो इंजिन असेल आणि थंडीत बंद पडतं म्हणून आयडल (थ्रॉटल न देता चालणारा वेग) वाढवलेला असेल, तर त्यात भरच.

अशा वेळी खाली दाबू नका. दाबल्यावर पुढची चाकं जोरात आदळतात, मागे असलेलं वजन शेपूट खाली नेतं, पंखाचा कोन वाढतो आणि विमान परत वर उडतं. उडी आली की पोरं नाक खाली करतात, म्हणून दुसरी उडी मोठी येते. पहिली उडी छोटी असेल तर पंख सपाट धरून थांबा. मोठी असेल तर थ्रॉटल हळू वाढवून पुन्हा एक फेरी मारा, आणि बॅटरी उबदार असेल तरच ते शक्य होतं. उतरण्याची फेरी लवकर सुरू करा, लांबून, कमी थ्रॉटलवर. गिरकीची सुरुवात दिसली की रडर छोटा आणि लगेच, नंतर लगेच मध्यावर.

कुठे थांबायचं

बॅटरी फुगलेली, दबलेली, गोडसर वास येणारी असेल तर तिचं उड्डाण संपलं. टोचू नका, चार्ज करू नका, घरात ठेवू नका. बाहेर वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

प्रोप जमिनीला लागल्यावर मोटर हाताने फिरवताना शाफ्ट डुलताना दिसला, तर तो सरळ करत बसू नका. मोटर बदला. पेट्रोल इंजिनचा क्रँक वाकल्याचा संशय असेल तर इंजिन उघडणारा अनुभवी माणूस किंवा विक्रेत्याचं दुरुस्ती केंद्र गाठा. तडा गेलेला प्रोप चिकटवून वापरायचा नाही. पातं सुटलं तर ते कुणाच्या तोंडावर जाईल सांगता येत नाही.

मोटर बसते त्या फळीला किंवा पंखाच्या मुख्य पट्टीला तडा असेल, रेंज टेस्टमध्ये (ट्रान्समीटर दूर नेऊन केलेल्या तपासणीत) सिग्नल तुटत असेल, किंवा उबदार बॅटरीवरही सर्व्हो मध्येच थरथरत असतील, तर पुढचं उड्डाण नको. मॉडेल बांधणाऱ्या जाणकाराच्या हातात द्या. सोबत दवातल्या मागाचा फोटो, बॅटरीचे दोन्ही आकडे आणि उतरतानाची वेळ सांगितलीत तर त्याचं निम्मं काम होतं.

शेतपंपाच्या लाइनवर विमान अडकलं तर बांबू, काठी, दगड काहीही वापरू नका. महावितरणच्या लाइनमनला बोलवा, तो लाइन बंद करून काढेल.

नवीन जागा निवडत असाल तर आधी सरकारी एअरस्पेस नकाशावर ती लाल, पिवळ्या की हिरव्या भागात येते ते बघा. आणि कुणी हे वाचून खऱ्या, माणूस बसणाऱ्या टेलड्रॅगरच्या चाकाला हात लावायला जात असेल तर तसं करू नका. ते काम फक्त परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याचं आहे.